अर्ध्याचा हिशोब : इंदूरहून प्रोटॉनच्या स्पिनपर्यंत

प्रोटॉनच्या स्पिनवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी दोन-तीन मुलं दर उन्हाळ्यात घरी येतात. इंदुरात मराठी घरं अजून एकमेकांना धरून आहेत. कुणाची तरी भाची, कुणाच्या तरी शेजाऱ्यांचा मुलगा, असा निरोप फिरत फिरत लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी पोचतो. बहुतेकांच्या पिशवीत क्वांटम फील्ड थिअरीचं जाडजूड पुस्तक असतं. मी म्हणते, ते सध्या राहू द्या, थंडीपासून, म्हणजे अतिशीत तापमान सांभाळण्यापासून सुरू करा. चेहरे पडतात. त्यांना प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन ऐकायचे असतात आणि ही बाई व्हॅक्यूम पंपाच्या तेलाबद्दल बोलू लागते.

माझी बीएस्सी आणि एमएस्सी इंदुरातली, पीएचडी युरोपातली. विषय पोलराइज्ड टार्गेट. म्हणजे ज्या पदार्थावर कणांचा झोत (बीम) आदळतो, त्यातले प्रोटॉन एकाच दिशेला तोंड करून उभे राहतील अशी व्यवस्था करणं आणि ती महिनोन्‌महिने टिकवणं. थिअरीत मी बेताचीच होते, अजूनही आहे. पण हाताला थंडीची सवय होती, आणि त्या सवयीवरच मला जागा मिळाली.

आधी मूळ भांडण काय आहे ते सांगते. प्रोटॉनचा स्पिन अर्धा, हे बारावीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. आमच्या हिंदी पुस्तकात त्याला ‘चक्रण’ म्हणायचे आणि शिकवणारे सर हमखास भोवऱ्याचं उदाहरण द्यायचे. भोवरा विसरा. भोवऱ्याला आपण हवा तेवढा पीळ देऊ शकतो. प्रोटॉनला त्याचा कोनीय संवेग जन्मतःच मिळालेला असतो, कमीही होत नाही, जास्तही होत नाही. १९३३ साली ओटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्बर्गमध्ये प्रोटॉनचं चुंबकीय बळ मोजलं. आत काहीच नसलेल्या साध्या कणाला शोभेल त्याच्या दोन ते तीन पट ते निघालं. आजचा आकडा २.७९ आहे. न्यूट्रॉनचं तर आणखी विचित्र. विद्युतभार शून्य, तरी तो चुंबक, आणि तोही उलट्या दिशेचा, उणे १.९१. म्हणजे दोघांच्याही पोटात काहीतरी चाललेलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन आदळवून त्या पोटात क्वार्क आहेत हे दिसलं. तीन क्वार्क, प्रत्येकाचा स्पिन अर्धा. दोन सरळ, एक उलटा. अर्धा अधिक अर्धा वजा अर्धा, बरोबर अर्धा. हिशोब चोख बसला असं वाटलं.

१९८८ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या ईएमसी या गटाने हा हिशोब प्रत्यक्ष तपासला. त्यांनी म्युऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा) बीम पोलराइज्ड अमोनियावर सोडला होता. क्वार्कांच्या स्पिनचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास निघावा अशी अपेक्षा होती. निघाला साधारण १२ टक्के, आणि मापनातली अनिश्चितता धरली तर शून्यसुद्धा चालला असता. पुढच्या काळात याला ‘स्पिन क्रायसिस’ असं नाव पडलं.

माझे बाबा क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर चाळीस वर्षं हिशोब लिहीत होते. त्यांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शिल्लक अर्धा रुपया दिसते आहे आणि जमेच्या नोंदी सापडत नाहीत.” मी इतक्या व्याख्यानांना बसले, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांनी ही वही भरत आणली. सर्नचे एसएमसी आणि कॉम्पास, हॅम्बर्गच्या डेझीमधला हर्मीस, स्लॅकचे एकामागून एक प्रयोग, अमेरिकेतली जेफरसन लॅब. आज क्वार्कांच्या नावावर साधारण ३० टक्के धरतात. ग्लुऑनचा वाटा अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ या यंत्राने दाखवला. तिथे दोन्ही बाजूंचे प्रोटॉन पोलराइज्ड असायचे आणि ते एकमेकांवर आदळायचे. २००९ सालच्या डेटावरून ग्लुऑनही थोडे एका बाजूला झुकलेले आहेत हे पहिल्यांदा ठामपणे म्हणता आलं, पण जेवढ्या पट्ट्यात मोजता आलं तेवढ्यापुरतंच. उरलेलं बहुधा क्वार्क-ग्लुऑनच्या फिरण्यात, म्हणजे कक्षीय संवेगात आहे. ती नोंद लिहायची कशी यावरच अजून वाद चालू आहेत.

आता प्रयोग. त्याचा गाभा एका वजाबाकीत आहे. बीममधल्या कणाचा स्पिन एका दिशेला, टार्गेटमधल्या प्रोटॉनचा त्याच दिशेला; किती कण विखुरले ते मोजायचं. मग टार्गेटचा स्पिन उलटा करून पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, याला असिमेट्री म्हणतात. प्रोटॉनमधल्या क्वार्कचा स्पिन बीमच्या उलट असेल तर टक्कर होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून क्वार्क कुठे तोंड करून आहेत ते या वजाबाकीत उमटतं.

एक कागद घ्या आणि माझ्याबरोबर करा, कारण हे गणित ज्याने स्वतः केलं नाही त्याला हा विषय कळलेला नसतो. समजा खरी असिमेट्री ५ टक्के आहे. बीमचं पोलरायझेशन ८० टक्के, म्हणजे शंभरातले ९० कण एका बाजूला आणि १० उलट. टार्गेटचं ८५ टक्के. टार्गेट घन अमोनियाचं, त्यात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. एकूण १७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) आणि त्यातले आपल्या कामाचे प्रोटॉन ३. बाकीचे १४ गर्दी वाढवतात, वजाबाकीत भर घालत नाहीत. तेव्हा ०.०५ गुणिले ०.८ गुणिले ०.८५ गुणिले तीन-सतरांश. उत्तर बरोबर ०.००६ येतं. म्हणजे हजारात जेमतेम सहाचा फरक शोधायचा. तो १० टक्के अचूकतेने हवा असेल तर सुमारे ३० लाख घटना मोजाव्या लागतात, आणि तेही आलेखावरच्या एका बिंदूसाठी. आलेखाला पंधरा-वीस बिंदू लागतात.

यातून एक गोष्ट निघते, जी मला कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवी होती. लागणारा वेळ पोलरायझेशनच्या वर्गाने बदलतो. टार्गेटचं पोलरायझेशन निम्म्यावर आलं की तेवढ्याच अचूकतेला चौपट बीम लागतो. बीमचा वेळ हा अशा प्रयोगातला सगळ्यात महाग माल असतो. म्हणून टार्गेट सांभाळणाऱ्या तीन-चार माणसांकडे दोनशे माणसं डोळे लावून बसलेली असतात.

ते टार्गेट बनतं कसं, यावर मी जरा रेंगाळणार आहे. माझा जीव तिथेच आहे.

अमोनिया गोठवून त्याचे दोन-तीन मिलिमीटरचे खडे करतात. दिसायला थेट साबुदाणा. मग ते द्रवरूप वायूत बुडवून त्यांच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करतात. त्याने आतले काही बंध तुटून सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात आणि साबुदाणा जांभळा होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सराफ्यातली खिचडी आठवली आणि नेमक्या त्या क्षणी हसू आल्यामुळे प्रमुखांची नजर खावी लागली. हे खडे आयुष्यभर द्रव नायट्रोजनमध्येच राहतात. डबा गरम झाला की संपलं.

नुसतं मोठं चुंबक लावून प्रोटॉन का वळत नाहीत? ५ टेस्लाचं क्षेत्र आणि १ केल्विन तापमान घ्या; एवढं आपण देऊ शकतो. तरी प्रोटॉनचं पोलरायझेशन अर्धा टक्का. त्याच जागी, त्याच थंडीत इलेक्ट्रॉन मात्र ९९.८ टक्के वळलेले असतात, कारण इलेक्ट्रॉनचं चुंबकीय बळ प्रोटॉनच्या साडेसहाशे पटींहून जास्त आहे. मग युक्ती अशी, की १४० गिगाहर्ट्झच्या आसपासचे मायक्रोवेव्ह सोडायचे आणि इलेक्ट्रॉनची शिस्त प्रोटॉनकडे वळती करायची. इलेक्ट्रॉन काही मिलिसेकंदांत पुन्हा जागेवर येतो आणि पुढच्या प्रोटॉनला वळवतो. प्रोटॉन एकदा वळला की आळशासारखा तसाच पडून राहतो. दोन-तीन तासांत अर्ध्या टक्क्याचे ऐंशी-नव्वद टक्के होतात. त्याहून सुंदर भाग म्हणजे, स्पिन उलटा करायला चुंबकाला हात लावावा लागत नाही. मायक्रोवेव्हची वारंवारता काहीशे मेगाहर्ट्झने सरकवली की प्रोटॉन दुसऱ्या बाजूला साठू लागतात.

आणि मोजायचं कसं? एनएमआरने. ५ टेस्लात प्रोटॉनचा सूर २१३ मेगाहर्ट्झवर लागतो. (घरच्यांना समजावताना मी एमआरआयचं उदाहरण देते: दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या यंत्रात आपल्या अंगातलेच प्रोटॉन ६४ मेगाहर्ट्झवर बोलतात, बाकी प्रकार तोच.) पण एनएमआरचा संकेत सांगतो फक्त लहान की मोठा, त्याचे टक्के करायचे तर एखादं ठाऊक असलेलं माप लागतं. ते माप म्हणजे वरचा अर्धा टक्का, जो निव्वळ तापमान आणि चुंबकावरून कागदावर काढता येतो. मायक्रोवेव्ह बंद करून, तापमान तासन्‌तास स्थिर ठेवून, गोंगाटात बुडालेला तो इवलासा संकेत मोजायचा. मोठा संकेत त्याच्या दीडशे-पावणेदोनशे पट असतो. ज्या अनिश्चिततेने हे छोटं माप होतं, ती शेवटच्या उत्तरापर्यंत प्रत्येक आकड्याला चिकटून राहते. शोधनिबंधात याला एक ओळ असते. माझ्या प्रबंधात या एका ओळीमागे चौदा महिने आहेत.

मोठ्या प्रयोगांत पद्धती वेगळ्या असतात. कॉम्पासचं टार्गेट एक मीटरहून लांब, दोन किंवा तीन कप्प्यांचं, अडीच टेस्लाच्या चुंबकात. आधी मायक्रोवेव्हने वळवायचं आणि मग केल्विनच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शापर्यंत थंड करून ‘गोठवलेला स्पिन’ दिवसेंदिवस टिकवायचा. शेजारच्या कप्प्यांचे स्पिन उलटसुलट ठेवायचे, म्हणजे तोच बीम दोन्ही दिशा एकाच वेळी पाहायचा. हर्मीसने घन पदार्थ सोडून पोलराइज्ड वायू वापरला, त्यामुळे नायट्रोजनची गर्दीच नाही. पण हे सगळं वाचून कळेल. वाचून न कळणारी गोष्ट म्हणजे थंडी.

थंडी मी इंदुरात शिकले. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी शहरातल्याच एका प्रयोगशाळेत होते, जिथे द्रव हेलियम मिळायचं. हेलियम ४.२ केल्विनला उकळतं, त्यावर पंप लावला की १ केल्विनपर्यंत उतरतं. एक लिटर द्रवाचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो, म्हणून तो उडून जाऊ द्यायचा नसतो, नळीने परत गोळा करायचा असतो. आणि त्याची वाफ व्हायला उष्णता इतकी कमी लागते, की आत एक वॅट शिरला तर तासाला जवळपास दीड लिटर गायब. हे आकडे मला पाठ होते. तरी एका शुक्रवारी मी ड्यूअरच्या (हेलियमच्या थर्मासच्या) तोंडावरची झडप उघडी टाकून चहाला गेले. बाहेरची हवा आत शिरली, गळ्याशी गोठली, आणि बर्फाचं बूच बसलं. आतला वायू कोंडत होता. तिथले तंत्रज्ञ काका, ज्यांना आम्ही सगळेच घाबरायचो, त्यांनी गरम केलेली तांब्याची नळी घालून ते बूच शांतपणे वितळवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाकण लावायला काय जात होतं तुझं? हे फुटलं असतं तर तुझ्या बाबांना मी काय सांगितलं असतं?” त्यानंतर पुढच्या दहा वर्षांत माझ्या हातून एकही झडप उघडी राहिलेली नाही. पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं, तुमची सर्वांत मोठी चूक कोणती. मी हीच सांगितली. नंतर प्राध्यापक म्हणाले, जागा तुला त्या उत्तरावर मिळाली.

इथल्या मुलांनी हे नीट पाहावं. खंडवा रोडवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं तक्षशिला परिसर, तिथेच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं केंद्र, जिथे नीचतम तापमान आणि मोठी चुंबकीय क्षेत्रं हा रोजचा धंदा आहे. दुसऱ्या बाजूला राजा रामण्णा केंद्र. नाव बदलून किती वर्षं झाली तरी आम्ही इंदूरकर त्याला कॅटच म्हणतो. तिथे लेझर आणि प्रवेगक दोन्ही आहेत. इंडस-२ या वलयात २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात. वलयात फिरणारे इलेक्ट्रॉन किरण सोडता सोडता आपोआप पोलराइज होऊ लागतात, आदर्श परिस्थितीत ९२.४ टक्क्यांपर्यंत, हर्मीसचा बीम डेझीच्या हेरा यंत्रात याच परिणामाने तयार होत असे. हे मला हॅम्बर्गमध्ये कळलं, आणि तसलंच वलय आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे हे आठवून फार वाईट वाटलं. आयआयटी इंदूरचा एक गट सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे. तो विषय स्पिनचा नाही, जड केंद्रकांच्या टकरींचा आहे, पण डेटा हाताळण्याची शिस्त तीच. उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करताना ‘स्पिन’ हा शब्द शोधत बसू नका. थंडी, व्हॅक्यूम, एनएमआर, लेझर, डिटेक्टर यांपैकी काहीही मिळालं तरी घ्या.

लेझर म्हटलं कारण न्यूट्रॉन. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो, त्याची वीट करून ठेवता येत नाही. म्हणून एकतर ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी) वापरायचा आणि त्यातून प्रोटॉनचा भाग वजा करायचा, किंवा हेलियम-३. हेलियम-३ मध्ये दोन प्रोटॉन एकमेकांचा स्पिन जवळजवळ खाऊन टाकतात आणि केंद्रकाचा स्पिन म्हणजे साधारण ८६-८७ टक्के न्यूट्रॉनचाच स्पिन उरतो. ते वळवायला काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ आणि ७९५ नॅनोमीटरचा लेझर. लेझर रुबिडियमला वळवतो, रुबिडियम धडका देत देत हेलियमला. जेफरसन लॅबचे न्यूट्रॉनवरचे बरेच प्रयोग असेच झाले. त्या कुप्या हाताने फुंकून बनवतात, आत दहाएक वातावरणांचा दाब असतो, आणि कधीकधी त्या फुटतात. हा लेझर डोळ्याला जेमतेम दिसतो आणि म्हणूनच जास्त घातक. कॅटमध्ये लेझरचा चष्मा लावायची सवय झाली असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलीत.

आता माझी दुसरी चूक; ही जास्त शिकवणारी आहे. प्रयोगाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या विश्लेषणात एका जागी असिमेट्री अपेक्षेपेक्षा दुप्पट येत होती. अनिश्चिततेच्या तिपटीहून मोठा फरक. दोन आठवडे मी हवेत होते. रात्री झोप नाही, मनातल्या मनात शीर्षकं लिहून झाली. मग रविवारच्या फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी नेहमीच्या थंड आवाजात विचारलं, “बेरीज परत केलीस का? रोकड जुळत नसेल तर आधी वही तपासायची. चोर नंतर.”

वही तपासली. स्पिन एका दिशेला असतानाच्या मोजणीच्या काही फेऱ्यांमध्ये एका डिटेक्टरचा एक थर रात्री बंद पडला होता. उच्च दाबाची वीज उडाली होती आणि सकाळपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिशेचे कण कमी मोजले गेले, आणि वजाबाकीत खोटा फरक आला. निसर्गाने काहीच केलं नव्हतं. या विषयातलं निम्मं कौशल्य अशी खोटी असिमेट्री ओळखण्यात आहे. म्हणूनच सगळे प्रयोग सारखे उलटत असतात: हर्मीसने टार्गेट मिनिट-दीड मिनिटाला उलटवलं, जेफरसन लॅब बीमचा स्पिन सेकंदाला तीस वेळा आणि त्याहून जास्त उलटवते, रिकमध्ये प्रोटॉनचे पुंजकेच वेगवेगळ्या दिशांचे पाठोपाठ जायचे. जेवढ्या लवकर उलटवाल, तेवढी यंत्राला बदलायला सवड कमी.

अभ्यासाचं म्हणाल तर मला पाठ्यक्रमापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. चुकांचं गणित आधी, म्हणजे अनिश्चितता कशी पुढे जाते, सांख्यिक आणि पद्धतशीर यांत फरक काय. मग लिनक्स आणि पायथन. मग सर्नचं डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर रूट, त्यासाठी कामापुरतं सी प्लस प्लस. डिटेक्टरची संगणकावर नक्कल करणारं जिअँट-४ नंतर. रूट शिकताना पहिले दोन महिने चिडचिड होते, ती सगळ्यांचीच होते. कॉलेजात एनएमआरचा साधा संच असेल तर त्याच्यावर एक महिना घालवा. आणि ईएमसीचा १९८८ चा निबंध वाचा. छोटा आहे. सूत्रं समजली नाहीत तरी पोलरायझेशनचे आकडे शोधा आणि वरचं गणित त्यांच्या आकड्यांनी करून पाहा. थिअरी याच्यानंतर वाचलीत तर ती चिकटते. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. हुशार मित्र उलट क्रमानेही यशस्वी झालेले आहेत, त्यांना माझा नमस्कार.

परीक्षांचा रस्ता तुम्हाला माहीतच असेल: एमएस्सीसाठी जॅम, पुढे नेट, गेट, जेस्ट. कॅटमध्येही अणुऊर्जा खात्याची प्रशिक्षणशाळा आहे. बाहेर जायचं तर जर्मनीसारख्या देशात पीएचडी ही करारावरची नोकरी असते, जागा वर्षभर केव्हाही निघतात, आणि अर्ज त्या जागेसाठीच लिहावा लागतो. अमेरिकेत अर्ज डिसेंबर-जानेवारीत, आधी अभ्यासक्रम मग संशोधन, पाच-सहा वर्षं धरा. सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम सदस्य नसलेल्या देशांच्या मुलांनाही खुला असतो. जेफरसन लॅबची हग्ज ही उन्हाळी शाळाही आहे, पण ती पीएचडीत शिरल्यावर. अर्जात ‘मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल’ हे वाक्य लिहू नका. त्याऐवजी बर्फाचं बूच लिहा.

कागदपत्रांचं मात्र आधीपासून बघा. मला ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लिफाफे हवे होते. ज्या कचेरीत ते मिळतात तिथे सात आठवडे खेटे घातले. एकदा संबंधित बाबू रजेवर, एकदा शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. एक विद्यापीठ त्यात हातचं गेलं. शेवटच्या सेमिस्टरलाच पाच-सहा प्रती काढून ठेवा. पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये कधी असतं, कधी नसतं, आणि व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाला त्यामागची परंपरा समजावता येत नाही.

तिथलं जगणं? बीम चालू असताना आठ-आठ तासांच्या पाळ्या, रात्रीच्याही. नवख्यांच्या वाट्याला मध्यरात्र ते सकाळ येतेच. निबंधावर दोनशे नावं, आडनावाच्या अक्षरक्रमाने, तेव्हा तुमचं काम कोणतं हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून गटातल्या अंतर्गत टिपणांवर आणि परिषदांतल्या भाषणांवर जीव ओता, शिफारसपत्रं त्यातून येतात. इंग्रजीची भीती मला होती. हिंदीत शिकलेली, घरी मराठी, आणि मराठीही अशी की पुण्याची मैत्रीण ‘मी करून राहिले’ ऐकून हसायची. पहिल्या बैठकीत एक इटालियन, एक जपानी आणि एक चेक माणूस आपापलं इंग्रजी बोलताना ऐकले आणि भीती गेली.

नोकरीचं खरं सांगायचं तर विद्यापीठात कायम जागा मोजक्या. माझ्या बॅचचे बरेच जण आज दुसरीकडे आहेत: एक अतिवाहक चुंबकांच्या कंपनीत, एक एमआरआयच्या संशोधनात (मायक्रोवेव्हने स्पिन वळवायची हीच युक्ती कार्बन-१३ वर वापरून शरीरातल्या रसायनांचं चित्र काढतात), दोघं डेटाच्या कामात. थंडी आणि सांख्यिकी येणाऱ्या माणसाला उपाशी राहावं लागत नाही. थिअरीवाल्यांबद्दल मी हमी देत नाही.

वेळेच्या दृष्टीने आज बीएस्सीला असलेल्यांचं नशीब बरं आहे. ब्रुकहेवनमध्ये रिकच्याच बोगद्यात नवा इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर होतोय. जागा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि यंत्र २०३० च्या दशकात अपेक्षित आहे. पोलराइज्ड इलेक्ट्रॉन आणि पोलराइज्ड प्रोटॉन समोरासमोर, हेलियम-३ सुद्धा. ग्लुऑनचा जो पट्टा आजवर अंधारात राहिला तो तिथे उजेडात यावा. भारतातले अनेक गट त्या तयारीत आहेत.

घरी यायचं असेल तर जरूर या, सकाळी पोहे असतात. फक्त वरच्या ३० लाखांच्या गणिताचा कागद सोबत आणा. त्यात मी एक घटक मुद्दाम गाळला आहे: बीमच्या म्युऑनचा स्पिन, म्युऑन आणि क्वार्क यांच्यामध्ये टक्कर घडवणाऱ्या फोटॉनकडे पुरता पोचत नाही, त्याची तूट धरलेली नाही. ती निम्मी धरली तर ३० लाखांचे किती होतात, ते काढूनच बेल वाजवा.